स्विच दाबण्याआधी दुसऱ्याला वाचू द्या

मंडळी, आजचा विषय बघून आमच्या पुण्याच्या वहिनी नक्की म्हणणार, "भाऊजींना आता हे काय नवीन!" गेल्या वेळी ऱ्हस्व-दीर्घावर लिहिलं, त्याआधी आमच्या श्रीरामपूरच्या बाजारातल्या बोरांवर लिहिलं, आणि आज एकदम गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर! तोही विकत घेतलेला नाही, तर सुटे भाग आणून घरी जोडायचा. आणि लिहितोय कोण? मराठी घेऊन बी.ए. झालेला, हयातभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवलेला माणूस.

पण या दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस मी हे काम शेजारी बसून पाहिलं आणि त्यावर माझं एक मत झालं. ते असं : असल्या किटमध्ये तारा चुकतात त्या बहुतेक वेळा वाचण्यातल्या चुकीमुळे चुकतात. हात बिचारा डोळ्यांनी सांगितलं तेच करतो. आणि वाचताना झालेली चूक ज्याची त्याला सहसा दिसत नाही. म्हणून जोडणाऱ्यानं स्वतः कितीही वेळा तपासलं तरी, दुसऱ्या माणसानं वाचल्याशिवाय त्या पेटीला वीज दाखवू नये. हा दुसरा माणूस इंजिनिअर असायलाच हवा असं नाही. सावकाश वाचणारा हवा.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. माझा नातू, मुलीचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि गिटार वाजवतो. त्याच्या मामानं, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, अमेरिकेहून येताना त्याला हे किट आणलं. तीन व्हॉल्व्हचा, साधारण पाच वॅटचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर. १९५० च्या दशकात फेंडर कंपनीनं 'चॅम्प' नावाचं जे छोटं मॉडेल काढलं होतं, त्या धर्तीचा. ज्यांनी व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिला आहे त्यांना आठवेल, बटण फिरवल्यावर आवाज यायला वेळ लागायचा आणि मागच्या जाळीतून तांबूस उजेड दिसायचा. तेच तंत्र. पेटीत लोखंडी चासी, दोन ट्रान्सफॉर्मर, रेझिस्टर-कपॅसिटरच्या पुड्या, रंगीबेरंगी तारा आणि कोणती तार कुठून कुठे जाते त्याचं एक मोठं चित्र.

यावरून घरात दोन पक्ष पडले. आमच्या व्याह्यांचं म्हणणं, "एवढा खटाटोप कशाला? तयार मिळतो, घेऊन टाका." चिरंजीवांचं म्हणणं, "करू दे त्याला. चुकेल, फ्यूज जाईल, शिकेल." दोघांचंही मला पटलं नाही. का, ते पुढे सांगतो.

तयार घ्या म्हणणाऱ्यांना पहिलं उत्तर असं, की जगातल्या नामांकित अ‍ॅम्प्लिफायरपैकी एकाची सुरुवात अशाच जुळवाजुळवीतून झाली. लंडनमध्ये जिम मार्शल नावाचा एक गृहस्थ होता. ड्रम शिकवायचा आणि वाद्यांचं दुकान चालवायचा, म्हणजे एका अर्थी आमच्याच जातकुळीतला मास्तर! १९६२ साली त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या फेंडर कंपनीचा 'बासमन' अ‍ॅम्प्लिफायर समोर ठेवला, त्यातली जोडणी वाचली, इंग्लंडमध्ये मिळतील ते भाग वापरले आणि स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर हातानं जोडला. त्याच्याकडे येऊन "अजून मोठा आवाज हवा" म्हणणाऱ्या गिटारवाल्यांत 'द हू' या बँडचा पीट टाउनशेंड होता. हा टाउनशेंड मेहेरबाबांचा भक्त. १९७२ साली तो आपल्या नगरजवळ अरणगावला, मेहेराबादच्या टेकडीवरच्या समाधीच्या दर्शनाला आला होता. १९२५ पासून अखेरपर्यंत मौन पाळलेल्या बाबांचा हा शिष्य, आणि त्याची ख्याती सगळ्यांत मोठ्या आवाजाची! तेव्हा हे खूळ सातासमुद्रापलीकडचं आहे असं आपल्या जिल्ह्यातल्या लोकांनी तरी म्हणू नये. (२०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. माझ्या तोंडून अजून नगरच निघतं.)

आणि आपल्याकडेही घरी अ‍ॅम्प्लिफायर जोडणारे काही कमी नव्हते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर ही या मंडळींची पंढरी. तिथून सुटे भाग आणायचे आणि गावाकडच्या छोट्या दुकानात बसून जोडायचे. आधी २एन३०५५ ट्रान्झिस्टरचे आणि नंतर ४४४० आयसीचे बोर्ड किती टेपरेकॉर्डरांच्या आणि गणपती मंडळांच्या पेट्यांमध्ये बसले असतील, याची गणती नाही. माझ्या वर्गातली दोन-तीन मुलं याच कामावर पुढे पोटाला लागली. पण त्या ४४४० च्या बोर्डात आणि या व्हॉल्व्हच्या पेटीत एक मोठा फरक आहे. तो बोर्ड बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. तार चुकली तर आयसी जळेल, वास येईल, दुसरा आणायचा. व्हॉल्व्हच्या पेटीत आपल्या घरातले २३० व्होल्ट आत जातात आणि ट्रान्सफॉर्मरमधून, गाळणीतून गेल्यावर त्यांचे तीनशेच्याही वर डीसी व्होल्ट होतात. शिवाय आतले मोठे कपॅसिटर पेटी बंद केल्यावरही ती वीज धरून ठेवू शकतात. प्लग काढला म्हणजे निर्धास्त झालो, असं इथे नसतं.

म्हणून "चुकेल नि शिकेल" हे वाक्य मला इथे सरसकट मान्य नाही. चुका करत शिकावं हे मीच वर्षानुवर्षं पालकांना सांगत आलो. पण वहीतली चूक आणि विहिरीच्या काठावरची चूक यांत फरक करावा लागतो.

आता चुका कशा होतात ते सांगतो, म्हणजे मी त्यांना वाचनाच्या चुका का म्हणतो ते कळेल.

पहिली चूक आरशातली. व्हॉल्व्ह ज्या सॉकेटमध्ये बसतो त्याच्या पिनांना नंबर असतात, आणि ते सॉकेटच्या खालच्या बाजूनं पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं मोजायचे असतात. वरून पाहत मोजले की सगळं उलटं. पहिलीच्या मुलांसमोर तोंड करून उभं राहून कवायतीच्या नव्या सरांनी स्वतःचा उजवा हात वर केला, की निम्मा वर्ग डावा हात वर करतो ना, तेच. मुलांनी समोर दिसलं ते प्रामाणिकपणे केलेलं असतं.

दुसरी चूक रंगांची. रेझिस्टरवर आकडे क्वचितच छापतात, रंगांचे पट्टे असतात. तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे एक लाख ओहम आणि तपकिरी-काळा-हिरवा म्हणजे दहा लाख. पिवळा-जांभळा-तपकिरी म्हणजे ४७० ओहम आणि पिवळा-जांभळा-पिवळा म्हणजे ४ लाख ७० हजार. एका पट्ट्यानं हजारपट फरक! हल्लीच्या निळ्या अंगाच्या रेझिस्टरवर तर तपकिरी, लाल आणि नारिंगी हे रात्रीच्या दिव्यात एकसारखेच दिसतात. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक रेझिस्टर लावण्याआधी मीटरनं मोजायचा आणि त्याची किंमत लिहिलेल्या कागदावर चिकटपट्टीनं चिकटवून ठेवायचा. आमच्या नातवाला हे आधी कंटाळवाणं वाटलं. मग त्याला गंमत वाटायला लागली आणि सगळी पुडी त्यानं अर्ध्या तासात लावून टाकली.

तिसरी चूक दिशेची. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला अधिक आणि उणे अशी टोकं असतात. ती उलटी लागली तर तो तापतो, फुगतो आणि फुटूही शकतो. यात फसवणारी गोष्ट अशी, की काही कपॅसिटरवर अधिकची खूण असते आणि काहींवर उण्याची. खूण दिसली म्हणजे अधिक, असं गृहीत धरलं की फसलो.

चौथी चूक विसरभोळेपणाची. एका टॅगवर तीन तारा यायच्या असतात. दोन आल्यावर आपण सोल्डर मारून मोकळे होतो आणि तिसरी राहते. किंवा तार नुसती अडकवून ठेवतो, "बाकीच्या आल्या की एकदम सोल्डर करू" म्हणतो आणि ते राहून जातं. ती टेकलेली असते म्हणून पेटी चालतेही. महिन्यानं खरखर सुरू होते.

आणि पाचवी चूक मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली, कारण ती थेट माझ्या विषयातली आहे. ही चूक भाषांतराची. किट अमेरिकेचं. अमेरिकेत काळी तार म्हणजे फेज, पांढरी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी म्हणजे अर्थ. आपल्याकडे लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ अशी पद्धत. नव्या तीन पदरी वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थ. आता चित्रात लिहिलंय, "काळी तार फ्यूजला." मुलानं आपल्या बाजारातली लाल-काळी-हिरवी वायर आणली आणि सांगितल्याबरहुकूम काळी फ्यूजला जोडली, तर काय होईल? फ्यूज आणि स्विच न्यूट्रलच्या वाटेत बसतील. पेटी चालेल. स्विच बंद केला की बंदही होईल. पण बंद पेटीच्या आत फेज तशीच जिवंत राहील, आणि आत काही बिघडून फेज लोखंडाला टेकली तर तो फ्यूज कामाला येणार नाही.

हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीत शिक्षा म्हणजे दंड. लिपी एक, शब्द एक, पण अर्थ गावानुसार बदलतो. हिंदी पट्ट्यातून नुकत्याच आलेल्या मुलाला "तुला शिक्षा देतो" म्हटलं तर तो खूश व्हायचा! काळ्या तारेचं असंच आहे. नातवानं ते चित्र तीनदा वाचलं होतं आणि त्याच्या डोळ्यांना त्यात काहीही खटकलं नव्हतं, कारण चित्रात चूक नव्हतीच. मी यातला अडाणी, म्हणून विचारलं, "काळी म्हणजे नक्की कोणती रे? आपल्याकडे वायरमन काळी न्यूट्रलला लावतो." तो थांबला. दोन मिनिटं विचार करून म्हणाला, "आबा, हे अमेरिकेचं आहे." मग आम्ही त्या कागदावर पेन्सिलीनं रंगांची नावं खोडून फेज, न्यूट्रल, अर्थ असे शब्द लिहिले. ट्रान्सफॉर्मरच्या तारांचंही तसंच निघालं. १२० व्होल्टसाठी वेगळ्या तारा आणि आपल्या २३० साठी वेगळ्या. तेही वेगळ्या शाईनं लिहून ठेवलं आणि नको असलेल्या तारेचं टोक नीट झाकून बांधून टाकलं.

आता दुसऱ्यानं वाचायचं म्हणजे काय करायचं? नुसतं "बघ रे, बरोबर आहे का" असं विचारून उपयोग नाही. दुसराही चित्र बघतो, पेटी बघतो, मान हलवतो. आम्ही जी रीत ठरवली ती बोर्डाच्या पेपर तपासणीतून उचललेली आहे. दहावीचा पेपर परीक्षक तपासतो, गुण देतो, बेरीज करतो. तरी तो गठ्ठा मॉडरेटरकडे जातोच. यात परीक्षकाचा अपमान नसतो. बेरीज ज्यानं केली त्यालाच ती पुन्हा करायला लावली, तर तो बहुतेक वेळा तीच चूक पुन्हा करतो, एवढा साधा अनुभव त्यामागे आहे.

आमची रीत अशी. चित्राच्या दोन झेरॉक्स काढल्या. पहिली जोडणाऱ्याची. एक तार जोडून सोल्डर झाली की त्या तारेवर पिवळी पेन्सिल फिरवायची. नुसती अडकवली असेल तर फिरवायची नाही. दुसरी झेरॉक्स वाचणाऱ्याची, आणि ती कोरी ठेवायची. सगळं झाल्यावर उलट दिशेनं वाचायचं, म्हणजे चित्राकडून पेटीकडे न जाता पेटीकडून चित्राकडे यायचं. पेटीतली एक तार बोटाच्या ऐवजी लाकडी काडीनं दाखवायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "ही तार मोठ्या सॉकेटच्या पाच नंबरवरून निघाली आणि बोर्डाच्या अमुक टॅगवर गेली." मग दुसऱ्यानं ती आपल्या कोऱ्या चित्रात शोधून खूण करायची. शेवटी दोन प्रश्न विचारायचे. पेटीत आहे पण चित्रात नाही अशी एखादी तार आहे का? चित्रात आहे पण खूण झाली नाही अशी आहे का?

दिशा उलट का, तर चित्र आधी वाचलं की पेटीत तेच दिसायला लागतं. निबंध लिहिलेला मुलगा स्वतःचा निबंध वाचतो तेव्हा त्याला जे लिहायचं होतं ते दिसतं, लिहिलेलं दिसत नाही. छापखान्यातले जुने मुद्रितशोधक ओळ शेवटाकडून वाचायचे ते याच कारणानं.

आणि वाचणाऱ्यासाठी एक नियम : हाताची घडी. तोंडावर बोट मात्र नको! त्यानं विचारावं, शंका काढाव्यात, पण सोल्डरिंग गनला हात लावू नये. आपल्याकडे मोठी माणसं मदतीला बसली की पाच मिनिटांत मुलाच्या हातातलं काम काढून घेतात. मग वस्तू तयार होते पण ती मुलाची राहत नाही.

कागदाचं वाचन झालं की मीटरचं वाचन. हे वीज न लावता करायचं. प्लगच्या जाड पिनेपासून चासीच्या लोखंडापर्यंत अखंड जोड आहे का? प्लगच्या फेज-न्यूट्रलच्या पिना आणि चासी यांच्यात जोड नाही ना? मोठ्या व्होल्टेजची ओळ चासीला थेट टेकलेली नाही ना? पहिल्याच प्रश्नाला आमच्याकडे मीटर गप्प बसला. हिरवी-पिवळी तार चासीला स्क्रूनं घट्ट बसवलेली डोळ्यांना दिसत होती, पण चासीवर रंगाचा जाड थर होता आणि स्क्रूच्या खालचा रंग खरवडलेलाच नव्हता. तार होती, स्क्रू होता, अर्थिंग नव्हतं. रंग खरवडून, दातेरी वायसर टाकून पुन्हा आवळल्यावर मीटर बोलला.

मग वीज लावायची ती सिरीज बोर्डावरून. आपल्या रेडिओ-टीव्ही मेकॅनिककडे हा बोर्ड हमखास असायचा. फेजच्या वाटेत साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब घालायचा. पेटीत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि पेटतच राहतो, आतला माल वाचतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. पहिल्यांदा व्हॉल्व्ह न घालता, मग घालून. स्पीकर मात्र आधीपासून जोडलेला हवा, कारण व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. मोजताना एक हात खिशात. पुन्हा आत हात घालायची वेळ आली, तर प्लग काढून, कपॅसिटरमधली वीज रेझिस्टरमधून उतरवून, मीटरवर शून्य पाहूनच. ज्यांनी कधी २३० व्होल्टवर काम केलेलं नाही त्यांनी या टप्प्याला जाणता माणूस शेजारी घ्यावा. आम्ही ओळखीच्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिकांना चहाला बोलावलं होतं. ते पूर्ण वेळ खुर्चीतच होते आणि चहा दोनदा झाला.

आता त्या अर्थिंगबद्दल, ज्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसलो. मिक्सर किंवा टेबलफॅन आपण अधूनमधून शिवतो. गिटारचं तसं नाही. तिच्या तारा वायरीतून अ‍ॅम्प्लिफायरच्या चासीला जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याचे दोन्ही हात सतत त्या तारांवर असतात. चासीत फेज उतरली तर ती सरळ बोटांत येते. १९७२ साली वेल्समध्ये स्वॉन्सी इथे लेस हार्वी हा गिटारवादक भर कार्यक्रमात, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून गेला. १९७६ साली 'यार्डबर्ड्स'चा गायक कीथ रेल्फ स्वतःच्या घरात गिटार वाजवताना विजेच्या धक्क्यानं गेला. अर्थिंग नीट नव्हतं, हेच तिथेही कारण. दोघंही आयुष्यभर याच वस्तूंमध्ये वावरलेले होते.

आणि आपल्या घरांत काय चित्र आहे? थ्री-पिनचं सॉकेट असतं, पण कितीतरी जुन्या घरांत त्या वरच्या मोठ्या भोकाच्या मागे तारच नसते. असली तरी अंगणातला अर्थिंगचा खड्डा आजोबांच्या काळात मीठ-कोळसा घालून भरलेला, त्यानंतर कुणी पाणीसुद्धा ओतलेलं नाही. टू-पिनच्या भोकात बसावा म्हणून प्लगची जाड पिन कापून टाकणारे महाभाग मी डोळ्यांनी पाहिलेत. प्लग नसला तर नागड्या तारा आगकाडीनं सॉकेटात खुपसणारेही पाहिलेत. टेस्टर लावून दिवा लागला की आपण म्हणतो लाइट आहे. अर्थिंग आहे की नाही ते त्या टेस्टरला कळत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की किट मागवण्याआधी परवानाधारक वायरमन बोलवावा, अर्थिंग मोजून घ्यावं आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्यावा. तो बसवला तरी पेटीच्या आतल्या तीनशे व्होल्टपासून तो वाचवत नाही, हेही मुलाला सांगावं. किटमधली प्रत्येक तार बरोबर असेल आणि भिंतीतली ती एक तार नसेल, तर आपण केलेलं सगळं वाचन वाया.

आता मुलाला चुकू द्यायचं की नाही? द्यायचं, पण निवडून. दुसऱ्या वाचनात मला एक गोष्ट दिसली. व्हॉल्यूमच्या बटणाच्या कडेच्या दोन तारा अदलाबदल झाल्या होत्या. मी मेकॅनिकांकडे बघितलं, त्यांनी हळूच मान हलवली. यानं कुणाला काही होणार नव्हतं, फक्त बटण उलटं चाललं असतं. आम्ही दोघं गप्प राहिलो. पेटी सुरू झाली, नातवानं आवाज कमी करायला बटण फिरवलं आणि खिडक्या हादरल्या! आमची सौ. देवघरातून बाहेर आली. त्यानं स्वतःच दुसऱ्या दिवशी ती चूक शोधली, आणि ती तो जन्मात विसरणार नाही. पण अर्थच्या स्क्रूखालचा रंग मी क्षणभरही चालू दिला नसता. ज्या चुकीनंतर मूल आपल्यासमोर हसत उभं राहू शकतं ती चूक त्याची त्याला करू द्यावी. जिच्यानंतर ते उभंच राहणार नाही, ती शिकवण्याचं साधन नव्हे.

यावर कुणी म्हणेल, एवढ्याशा पाच वॅटच्या पेटीसाठी झेरॉक्स काय, पेन्सिली काय, मॉडरेटर काय! आमच्या हिशेबानं या सगळ्या वाचनाला एक पूर्ण दिवस जास्त लागला. नातवाला तो नकोसा झाला होता, कारण सगळं जोडून तयार असताना स्विच न दाबता बसणं हे त्या वयात फार अवघड असतं. पण त्या एका दिवसात तार कुठे जाते यासोबत ती तिथे का जाते हे त्यानं मला समजावून सांगितलं. मला मध्येच कळेनासं झालं की त्याला नव्यानं सांगावं लागायचं, आणि सांगता सांगता त्याचंच त्याला नीट कळायचं. जोडताना त्याला ते एवढं समजलेलं नव्हतं, असं तोच म्हणाला.

असो. तुमच्या घरी कुणी मूल असलं किट घेऊन बसलं असेल, मग तो अ‍ॅम्प्लिफायर असो, रेडिओ असो की बॅटरीचा चार्जर, तर "मला यातलं काय कळतंय" म्हणून पेपर वाचत बसू नका. चष्मा लावा, कोरी झेरॉक्स मांडीवर घ्या आणि त्याला म्हणा, "बाळा, पहिली तार कुठून निघते ते मला वाचून दाखव." आमच्या ब्लॉगमित्रांपैकी कुणी घरी अ‍ॅम्प्लिफायर जोडले असतील तर त्यांनी आपली तपासणीची रीत जरूर कळवावी. व्याह्यांनी पेटी ऐकली. त्यांचं मत आहे, आवाज चांगला आहे, पण हार्मोनियमची सर नाही!

ता. क. : साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब हल्ली दुकानात सहज मिळत नाही. एलईडीचा बल्ब सिरीज बोर्डाला चालत नाही. माळ्यावर एखादा जुना पडला असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, जपून ठेवा.